मी गळतो म्हणून फुलं येतात

“ए माठा, गळ्यापर्यंत मातीत बसून तू दिवसभर करतोस तरी काय?”

मित्रांनो, हा प्रश्न मला भर दुपारी, भर रस्त्याच्या कडेला, गुडघे टेकून एका मुलीने विचारला. तिच्या तीन मैत्रिणी कुंपणाच्या भिंतीवर बसून खिदळत होत्या. त्यांनी पैजच लावली होती. “हिंमत असेल तर त्या माठाला विचारून दाखव, आणि पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे हं!” आता या मुलीला अख्खी गल्ली ‘भोंगा’ म्हणते. कोपऱ्यापर्यंतच काय, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

करतो काय? मी करतो काय! मला तोंड आहे, तेही चांगलं गोल गरगरीत, पण आवाज नाही. म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं आहे. ऐकाच.

मी एक जुना, गळका माठ आहे. हो, गळका. हा शब्द मी लाजत लाजत सांगत नाही.

मला घडवलं एका कुंभारणीने. त्या दिवशी माती कालवताना वाळू जरा सढळ हाताने पडली. भट्टीतून निघाल्यावर तिने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाली, “हा पाझरेल जास्त. पण पाणी असं गार करेल की दात वाजतील.” जन्मल्यावर मला मिळालेलं हे पहिलं कौतुक. शेवटचंही जवळजवळ तेच.

पहिल्या घरात मी जेमतेम दोन दिवस टिकलो. मी पाझरायचो, ओट्यावरून ओघळ जमिनीवर जायचा. तिसऱ्या दिवशी घरातले काका त्यात घसरून आडवे झाले. “माठ कसला, चाळण आहे ही!” असं म्हणत त्यांनी मला मागच्या दारी, मोडक्या खुर्चीशेजारी नेऊन टाकलं. तिथे मी तीन उन्हाळे उपडा पडून होतो. येता-जाता मोठी माणसं मुलांना रागवायची, “अगदी माठ आहेस!” मित्रांनो, हे काय बोलणं झालं? मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

मला तिथून उचललं भोंग्याच्या आईने. तेव्हा भोंगा जन्मालाही आली नव्हती. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. पाण्याचा थेंब कुठे जातो हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आमचं गाव वाळवंटाच्या काठाला. पाऊस इथे वर्षातून दोनदा तोंड दाखवतो, तेही बूड न टेकता परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं. घरापुढे दहा पावलांची पट्टी होती, नुसती वाळू आणि मुरूम. आईने मधोमध खड्डा खणला, मला गळ्यापर्यंत पुरलं, तोंडावर एक सपाट दगड ठेवला. माझ्याभोवती गलांड्याची चार रोपं लावली, पलीकडे दोन सदाफुल्या. ही झाडं एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतात. पुस्तकात त्यांना बहुवर्षायू म्हणतात. वाळवंटात सारखी कौतुकं मागत नाहीत ती. खत नको, छत्री नको. वर्षातून एकदा कात्रीने हातभर छाटलं की पुन्हा उभी.

दर आठव्या दिवशी, कामावर जायच्या आधी, आई दगड सरकवून माझ्यात दोन बादल्या पाणी ओतायची. “वरून घातलं तर ऊनच पिऊन टाकतं,” ती म्हणायची. “तू प्यायला दे त्यांना, हळूहळू.” आणि मी देत होतो! दिवसरात्र, अंगाच्या प्रत्येक छिद्रातून, थेंब थेंब. पहिल्या वर्षी गलांड्याचं एक केसासारखं मूळ माझ्या पाठीला चिकटलं. मग दुसरं. मग त्या मुळांनी मला असं कवेत घेतलं की मी हललोही नसतो. जमिनीखाली आमचं काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं. वर मात्र लाल-पिवळी फुलं अशी डोलायची की रस्त्याने जाणारी सायकल थांबायची.

आणि मग यायच्या शेजारच्या मास्तरीणबाई. कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, “काय नशीबवान हो तुम्ही! या झाडांना काही म्हणजे काही करावं लागत नाही. आपोआप येतात!”

आपोआप!

मित्रांनो, त्या शब्दाने माझ्या अंगाची लाही लाही होते. अहो बाई, आई दोन बादल्या उचलते ते आपोआप? मी रात्रंदिवस पाझरतो ते आपोआप? कमी लागतं आणि काहीच लागत नाही, यात काही फरक आहे की नाही? आई मात्र नुसती हसायची आणि घड्याळ बघून कामावर पळायची. तिचंही घरात तसंच होतं. धुतलेले कपडे कपाटात आपोआप येत, पाण्याच्या बाटल्या आपोआप भरत. बाबांना आणि भोंग्याला कधी प्रश्नच पडला नाही. पडला असता तर पुढचं घडलं नसतं.

या उन्हाळ्यात आई बहिणीच्या बाळंतपणाला दीड महिना गेली. जाताना पायरीवरून बाबांना बजावलं, “दर आठ दिवसांनी तेवढा माठ भरा.” का, ते बाबांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. बस सुटत होती.

आता बाबांची ओळख करून देतो. बाबा प्लंबर आहेत. माणूस लाख चांगला, पण गळती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. लग्नाघरी जेवायला बसले तरी कान मोरीतल्या नळाकडे. आठव्या दिवशी त्यांनी माझा दगड सरकवला, आत बॅटरी मारली आणि किंचाळलेच.

“अरे! हा तर गळतोय! माझ्या घरात गळती? गिऱ्हाईक काय म्हणेल?”

झालं. काठीला गुंडाळलेल्या स्पंजने मला कोरडं केलं, दोन दिवस उन्हात तापू दिलं आणि टाक्यांना आतून लावतात तो वॉटरप्रूफ रंग, काठीला ब्रश बांधून, दोन हात चोपडला. वर पाणी भरलं. पुढच्या आठवड्यात पाहतात तर पाणी जिथल्या तिथे. त्यांनी मास्तरीणबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

“बघा, थेंब हलला नाही! आता महिनाभर भरायला नको.”

“वा! कारागीर माणूस तुम्ही,” बाई म्हणाल्या.

आणि मी? मी तोंडोतोंड भरलेला होतो. माझ्या पाठीला बिलगलेली मुळं पाणी मागत होती. एका बोटाच्या अंतरावर पाणी होतं, मित्रांनो, एका बोटाच्या! आणि मला थेंब देता येत नव्हता. आधी सदाफुल्यांनी माना टाकल्या. मग गलांड्याची फुलं, मग पानं, मग नुसत्या काटक्या. मुळांची पकड एकेक करून सुटत गेली. मला ओरडायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गळका म्हणत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर निकामी झालो होतो.

बाबांनी काटक्यांकडे पाहिलं आणि निकाल दिला, “ही जातच नाजूक. इथे टिकत नाही. पुढच्या सोमवारी फरशीवाल्याला बोलावतो. पट्टीभर फरशी टाकू, कटकट नको.”

तर त्या दुपारी, भिंतीवर बसून मैत्रिणी त्या काटक्यांनाच हसत होत्या. “तुमच्याकडे काटक्यांची शेती का गं?” त्यातूनच ती पैज लागली. भोंग्याने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकायला, मैत्रिणींना आणखी हसवायला, दगड सरकवून माझ्या तोंडाला कान लावला.

मग तिचं हसणं थांबलं.

“पाणी तर वरपर्यंत आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला. तिने हात आत घातला, भिंतीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. मग ती उठली आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

“बाबा! तुम्ही माठाला रेनकोट घातलात!”

बाबा पाना हातात घेऊनच बाहेर आले. “काय झालं? गळती थांबवली मी.”

“त्याची नोकरीच ती होती, बाबा! तो गळायचा म्हणून ही झाडं जगायची. आई उगीच भरायला सांगेल का? आपण दोघांनी कधी विचारलं तिला?”

बाबांनी माझ्यात वाकून पाहिलं. काटक्यांकडे पाहिलं. पान्याने डोकं खाजवलं. “वीस वर्षांत,” ते पुटपुटले, “गळती बंद केल्याबद्दल कुणी ओरडलं नव्हतं.”

पाणी उपसलं, पण रंग काढायचं काम बाबांच्या हाताने होईना. त्यांचा पंजा माझ्या गळ्यातच अडकला. भोंग्याचा हात मात्र कोपरापर्यंत गेला. चार दिवस ती शाळेतून आली की दप्तर फेकून, पालथी पडून, सँडपेपरने मला आतून घासायची. पैज लावणाऱ्या तिघी आळीपाळीने बॅटरी धरायच्या. एकदा कड्‌ असा आवाज झाला. माझ्या गळ्याला तडा गेला होता. जाऊ दे! पोट शाबूत होतं. तिने काटक्या हातभर छाटल्या, मला भरलं आणि शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली उतरलेलं होतं. मित्रांनो, माझ्या गळण्यावर कुणी टाळ्या वाजवल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

पण सगळं काही सावरलं नाही. उत्तरेकडच्या बाजूला बाबांचा रंग इतका जाड बसला होता की तो निघालाच नाही. तिकडच्या दोन्ही सदाफुल्या गेल्या. कायमच्या. इकडे गलांड्याच्या तीन बुंध्यांशी नखाएवढं हिरवं आलं. चौथ्याचं मला अजून माहीत नाही. एक मूळ माझ्या पाठीशी परत चाचपडतं आहे, कदाचित त्याचंच असेल.

म्हणून सांगतो, कुठे काही छान चाललेलं दिसलं आणि ‘आपोआप’ हा शब्द ओठांवर आला, की जरा थांबा. दगड सरकवून बघा. खाली कुणीतरी असतं, आणि त्याला भरणारंही कुणीतरी असतं. ज्याला थोडंसंच लागतं, त्याचं ते थोडंसं तरी चुकवू नका.

रविवारी संध्याकाळी आई आली. पिशवी खांद्यावरच, घरात न जाता ती माझ्यापाशी बसली. तडा पाहिला, रिकाम्या जागेवर हात फिरवला.

“भरायला सांगितलं होतं ना मी?”

“भरलेलाच होता गं,” बाबा म्हणाले आणि एवढंसं तोंड करून उभे राहिले. “तो फरशीवाला उद्या सकाळी येतोय. काय सांगू त्याला?”

भोंगा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. हात सँडपेपरने सोललेले, मान ताठ.

“काही सांगू नका. मी त्यांना फोन करून नको म्हटलंय. आता ऐका, माझं ठरलंय. उत्तरेला दुसरा गळका माठ पुरायचा. खड्डा बाबा खणतील आणि त्याला बोटही लावणार नाहीत. दर आठव्या दिवशी दोन्ही माठ मी भरणार, आई, परीक्षा असली तरी. आणि मास्तरीणबाईंनी पुन्हा विचारलं ना, ही फुलं आपोआप येतात का, तर तू नुसती हसायचं नाहीस. उत्तर मी देणार. पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं!”