तिसऱ्या लाईनचा निबंध

माझा आवाज मोठा आहे. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारच्या काकू मला भोंगाच म्हणायच्या. "आला गं तुझा भोंगा, सुटली पाळी!" असं त्या आईला सांगायच्या आणि मी मुद्दाम आणखी मोठ्यानं हसायचे. आधी मला या आवाजाची लाज वाटायची. मग नववीत वक्तृत्वात पहिली आले आणि लाज गेली ती गेलीच.

यंदा अकरावीला समाजशास्त्र घेतलं. 'भांडवलशाही आणि सामाजिक विषमता' हा धडा सुरू झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "पुस्तक मिटा. घरातलं कामाला जाणारं एक माणूस घ्या, दिवसभर ते काय करतं ते लिहा. पुस्तकातलं एक वाक्य जरी सापडलं तरी मार्क कापीन."

मला विचार करावाच लागला नाही. माझी आई शर्टाच्या कॉलरी करते. शर्ट नाही, नुसत्या कॉलरी. कापड उलटं शिवायचं, कोपरे छाटायचे, मग कॉलर सुलटी करून काडीनं दोन्ही टोकं बाहेर काढायची आणि वरून शिलाई मारायची. टोक बोथट राहिलं की माल परत. प्रत्येकीच्या मशीनपाशी एक पेटी असते आणि पेटीवर तिच्या नंबरची चिठ्ठी. तासाला एक पेटी व्हायलाच हवी.

शेजारच्या काकूही आईच्याच लाईनवर होत्या. त्यांची तासाला पेटी होत नव्हती. त्यांची बोटं तीन वर्षांपासून बधिर झाली होती, काडी हातातून गळून पडायची. पण कारखान्याचा नियम असा, की वीस वर्षं भरली तर क्वार्टरची खोली मरेपर्यंत राहते. त्याआधी काम सुटलं तर महिन्याच्या आत खोली सोडायची. काकूंची एकोणीस वर्षं आणि सात महिने झाले होते. काका गेल्यापासून त्यांना त्या खोलीशिवाय दुसरं घर नव्हतं.

म्हणून आई आणि आणखी चौघीजणी एक गोष्ट करायच्या. सुपरवायझरला त्या घड्याळ म्हणतात. तर घड्याळ लाईनच्या पलीकडच्या टोकाला गेलं, की काकूंच्या पेटीतल्या थोड्या थोड्या कॉलरी प्रत्येकीच्या मांडीवर यायच्या आणि तयार होऊन परत काकूंच्या पेटीत जायच्या. चिठ्ठी काकूंचीच. हे मला आईच्या आणि काकूंच्या चहावेळच्या गप्पांतून माहीत होतं. दोघी हे सांगताना इतक्या हसायच्या, की मला तो खेळच वाटायचा.

मी सगळं लिहिलं. यंत्र माणसाला एकटं पाडतं, पण माणसं एकटी पडायला तयार नसतात, असा शेवट केला. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि निबंध बक्षीस समारंभात वाचायला निवडला.

प्रमुख पाहुणे कोण? कारखान्याचे मालक. आमची प्रयोगशाळा त्यांनीच बांधून दिली आहे. मला तर आनंदच झाला! आईला सुट्टी मिळाली नाही, पण निदान मालकांना कळेल की तिच्या लाईनवर कशी माणसं आहेत. मी एकदाही न अडखळता वाचलं. टाळ्या थांबेनात. मालकांनी करंडक हातात दिला आणि वाकून विचारलं, "कुठल्या लाईनला गं तुझी आई?"

"तिसऱ्या!" मी म्हणाले. पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.

तिसऱ्या दिवशी लाईनवर मशीन-मशीनमध्ये फळ्या ठोकल्या. काकू चार दिवस एकट्या कॉलरी करत राहिल्या. शनिवारी त्यांना पत्र मिळालं.

आई घरी आली तेव्हा मी रडून रडून सुजले होते. तिनं चपला काढल्या, तोंड धुतलं, मग माझ्याजवळ बसली.

"तू लिहिलंस ते खोटं होतं का?"

"नाही."

"झाकली मूठ होती गं ती. पाचजणींनी मिळून धरलेली." एवढंच बोलून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा तिनं मारलं असतं तरी चाललं असतं.

सोमवारी शाळा बुडवून मी मालकांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "सर, मी ते सगळं मनानं रचलं होतं. बक्षीस मिळावं म्हणून."

ते हसले. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "बाळ, आम्ही तपासून पाहिलं. मी काही राक्षस नाही. पण एका बाईचं काम पाचजणी ओढत होत्या. तुझी आई संध्याकाळी खांदे धरून बसते, हे तूच लिहिलंस ना? आता तिचं ओझं उतरलं की नाही?"

वादविवादात मी तीन शाळांना गप्प बसवलंय. तिथे मला "हो" एवढंच म्हणता आलं.

महिना संपायला दोन दिवस असताना मी काकूंकडे गेले. त्या भाचीकडे राहायला जाणार होत्या, भाचीच्या स्वयंपाकघरात. भांडी एका गोणीत भरलेली. मी दारातच उभी.

"ये की. दारात काय उभी, वसुलीला आल्यासारखी?"

"काकू, माझं चुकलं."

"ते झालं आता. माझ्यावर लिहिलंस म्हणे. सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून. वाच."

"नको ना काकू."

"वाच म्हणते ना."

वही दप्तरातच होती. मी खाली बसून वाचायला लागले, इतक्या हळू की काकूंना पुढे सरकावं लागलं. सुरुवातीला त्या दिवसाचं होतं, आई पहिल्यांदा कामावर गेली त्याचं. तिची सगळी टोकं फाटत होती. तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या बाईनं तिच्या हातावर आपला हात ठेवून काडी कशी फिरवायची ते शिकवलं. त्या बाईच्या हातची कॉलर नमुना म्हणून बाहेरदेशी पाठवायचे. नव्या मुलींना सांगायचे, अशी जमली पाहिजे.

"थांब," काकू म्हणाल्या. "पुढचं नको. एवढंच परत वाच."

मी परत वाचलं. त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या.

"हे तिथं सगळ्यांसमोर वाचलंस?"

"हो."

"मालकांनी ऐकलं का हे? नमुन्याचं?"

मी आठवून पाहिलं. मला मंचावरून स्पष्ट दिसलं होतं. तेवढ्या वेळात ते मुख्याध्यापकांच्या कानाशी काहीतरी बोलत होते. निबंधात मांडीवर कॉलरी यायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली होती.

"ऐकलं ना," मी म्हणाले. "मान हलवली त्यांनी."

"हलवणारच," काकू म्हणाल्या, आणि गोणीचं तोंड आवळायला मला दुसरं टोक धरायला सांगितलं.