पन्नासावर अडकलेला काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, वजनाचाही नव्हे. हवेत ओल किती आहे ते सांगणारा. वाटीएवढी माझी तबकडी, तिच्यावर शून्यापासून शंभरपर्यंत आकडे आणि पोटात ताणून बसवलेली केसांची एक बारीक बट. ओल वाढली की केस लांबतात, हवा कोरडी पडली की आखडतात, आणि त्यांच्या ओढीने मी इकडून तिकडे सरकतो. मित्रांनो, मला जन्मापासून स्वस्थ बसता येत नाही. कुणी ओल्या केसांनी आत आलं, कुणी चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, की माझी चुळबुळ सुरू.

मला बनवणारा कारागीर म्हणाला होता, "हा गप्प बसला तर समजा, आजारी पडला."

ताईंच्या दुकानात मला पंधरा वर्षं झाली. ताई बायकांच्या पापण्यांना केस जोडतात. एका चिमट्याने पापणीचा एकच केस वेगळा धरायचा, दुसऱ्या चिमट्यातला नवा केस गोंदाच्या थेंबाला टेकवून त्याच्यावर बसवायचा. पण एकदा जोडून हे काम संपत नाही. पापणीचा केस आपल्या वेळेला गळतोच आणि जोडलेल्यालाही घेऊन जातो. म्हणून दर तीन आठवड्यांनी यायचं, वाढून पुढे सरकलेले काढायचे, रिकाम्या जागा भरायच्या. हा गोंद हवेतल्या ओलीनेच वाळतो, जितकी ओल जास्त तितका लवकर, त्यामुळे ताईंकडे बाटल्या दोन. मी साठाच्या वर असलो की सावकाश वाळणारी, खाली असलो की झटपट वाळणारी. मला विचारल्याशिवाय ताई बाटलीला हात लावत नसत. "दुकानाचा मालक भिंतीवर बसलाय," असं त्या सांगत, तेव्हा मी सुखावायचो.

सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक डेअरीवाल्या बाई. एका दुखण्यात त्यांच्या पापण्या गळाल्या आणि पुन्हा आल्या त्या विरळच. "तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. कामावर माझं म्हणून दिसतात ते डोळेच. ते तरी नीट असू देत," असं त्या म्हणायच्या. आल्या की चपला काढून आडव्या, डोळे मिटून गप्पा चालू. अकरा वर्षांत त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

मग शेजारच्या गाळ्यात इस्त्रीचं दुकान आलं. भिंतीपलीकडे दिवसभर वाफ. त्याच महिन्यात ताईंच्या सुनेने केस कापायची खुर्ची माझ्याखाली मांडली. गिऱ्हाइकाच्या केसांवर ती फवारा मारायची, तो चिकट फवारा माझ्या पाठीच्या भोकांतून आत जायचा. एका सकाळी मी पन्नासावर उभा होतो, तिथेच चिकटलो. पोटातले केस ओढत होते, मी हलत नव्हतो.

"बरं झालं, काटा शांत झाला. हवा छान आहे," ताई म्हणाल्या.

आठवडा गेला नाही तोच डेअरीवाल्या बाई परत आल्या. "ताई, सगळं उशीवर सांडलं हो! डावा डोळा तर बोडका झालाय."

"तेल लावलंत का?"

"अकरा वर्षांत लावलं नाही, ते आत्ता लावीन?"

ताईंनी पुन्हा भरलं, पुन्हा तेच. इतर जुन्या बायकाही परत येऊ लागल्या. झटपट वाळणाऱ्या गोंदाचा थेंब चिमट्यावरच कडक होत होता. ताई माझ्याकडे बघत. पन्नास. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहत.

"हवा ठीक, गोंद ताजा. म्हणजे माझाच हात मागे पडतोय," त्या सुनेला म्हणाल्या. "शनिवारी बाईंचं करते आणि चिमटे ठेवून देते."

"अहो आई, काहीतरीच काय! एवढं वय तरी झालंय का तुमचं?"

"डोळ्याजवळचं काम आहे गं. आज उशीर करणारा हात उद्या थरथरेल."

मित्रांनो, माझा जीव तळमळत होता. हात चांगला आहे हो, खोटं मी बोलतोय! पण मला तोंड नाही. जे होतं ते पन्नासाला चिकटलेलं.

शनिवारी ताईंनी आधीच सांगून टाकलं, "बाई, हे शेवटचं." बाई आडव्या व्हायच्या त्या ताडकन उठून बसल्या. त्यांची नजर भिंतीवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हा ओलीचा काटा ना? आमच्या थंड खोल्यांत असे चौदा आहेत. मीच बघते ते."

"पन्नास आहे बघा. हवेला बोल लावायची सोय नाही."

"कधीपासून पन्नास?"

"दोन महिने झाले असतील. अगदी स्थिर आहे."

"शेजारी वाफ, आणि हा स्थिर?" बाई अनवाणीच माझ्यापाशी आल्या. "आमच्यात टिचकी मारल्याशिवाय काटा वाचत नाहीत. रोज, प्रत्येक पाळीला."

त्यांनी काचेवर टिचकी मारली. माझ्या अंगातून झटका गेला. मी सुटलो तो थेट अठ्ठ्याहत्तरावर जाऊन थरथरत उभा राहिलो.

ताईंनी दोन्ही हात पुढे धरले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "म्हणजे हात..."

"हाताला काय धाड भरलीय? मेल्या काट्याने घोळ घातलाय. चला, ती दुसरी बाटली काढा."

तीन आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा ताईंना जेमतेम दहा-बारा जागा भराव्या लागल्या. सुनेने मला उघडून पुसून घेतलं, खुर्ची दूर नेली. आता दुकान उघडलं की ताईंची पहिली टिचकी मला. जरा लागते, पण तिची मी वाट बघतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना भिंतीवर टांगून विसरू नका. पुसा, हलवा, विचारा. आणि सदा चुळबुळणारं कुणी एकाएकी शांत झालं, तर 'बरं झालं' म्हणण्याआधी जवळ जाऊन हळूच एक टिचकी मारा.

बघा, दार उघडलं. शेजारची वाफ आत येतेय. अठ्ठावन्न... साठ... त्रेसष्ट. ताईंनी वर पाहिलं, आणि हातातली बाटली खाली ठेवली.