विकतचे जंतू, घरची गोळी

"वहिनी, जंतूंना घाबरू नकोस. बाबांच्या उतावळेपणाला घाबर," असं नणंदेनं बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. लेकीचं कापडी अस्वलसुद्धा उकळून देणारी बाई मी. जंतू सोडून सासऱ्यांना कशाला घाबरू?

नणंद गोदामांतल्या धान्याची कीड तपासते. आमच्या गव्हात अळ्या झाल्या, पोत्यांच्या तोंडाशी जाळी धरली, तेव्हा तिनं एक पुडी आणली. त्यात म्हणे जिवाणू. वरच्या थरात मिसळायचे, अळीनं खाल्ले की तिचं पोट बिघडतं आणि काही दिवसांत ती मरते. माणसाला बाधत नाहीत.

"विकतचे जंतू?" सासूबाई म्हणाल्या. "घरचे कमी पडले होते?"

दुसऱ्याच दिवशी बाबांनी निकाल लावला. "अळी हलतेय अजून!"

"बाबा, हलेल, पण खाणार नाही. जरा थांबा," नणंद म्हणाली.

"म्हणजे काय, उपोषणाला बसवलीस तिला?"

ती कामावर गेली, आणि दुपारी बाबा हात झटकत कोठीच्या खोलीतून बाहेर आले. चेहरा असा, जणू किल्ला सर केला. "खात्रीची गोळी पुरली पोत्यात. नातीच्या घरात जंतू-बिंतू नकोत."

केवढी काळजी! तासाभरानं मला मात्र कुजक्या लसणासारखा वास आला. नणंदेला फोन लावला.

"गोळी? अगं, तिचा विषारी वायू होतो! पिल्लू कुठंय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मघाशीच कोठीच्या खोलीत निजवलंय," त्या म्हणाल्या. "तिथली फरशी गार असते ना."

मी धावले. लेक ओकत होती. तिला उचललं, सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं आणि तसाच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. ती वाचली. पोर पुन्हा नीट रडायला लागली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मीही रडले.

बाबा कोपऱ्यात उभे होते. मग हळूच म्हणाले, "पण अळ्या मेल्या असतील, हं."

जिवाणूंना आमच्या घरात अजूनही मज्जाव आहे. त्यांचा काय भरवसा!

तुमच्याकडेही असा एखादा अनुभवी माणूस असेलच. हे वाचणं राहू द्या. आधी बघून या, धान्याच्या खोलीत कोण झोपलंय?