डावीकडची सीट

मंगलला गाड्यांतलं काही कळत नाही, असं घरात सगळ्यांचं मत होतं आणि तिनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. कळत नाही म्हटलं की माणसं आपल्यासमोर मोकळी बोलतात. म्हणून नवरा, अर्जुना, कोइमतुरातनं रोज संध्याकाळी फोन करून दोन गाड्यांचं पुराण लावायचा, तेव्हा ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापत राही आणि मधे मधे नुसतं व्हय म्हणे. दोन्ही गाड्या तिनं अजून बघितल्या नव्हत्या. पण डोळे बांधून सोडलं असतं, तरी नुसत्या हातानं चाचपून कुठली कुठली ते तिनं सांगितलं असतं.

एक होती सांगलीच्या शोरूममधली, कोरी करकरीत. चार माणसांची, मागं सपाट कापल्यासारखी, ठेंगणी. लेक प्रियदर्शनी पुण्याला नोकरीला होती, ती हिला हॅचबॅक म्हणायची. हिला टर्बो होता. दुसरी साताऱ्याला, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात उभी. पाचगणीत बंगला असलेल्या कुणा हौशी माणसानं ती मुंबईहून आणली होती आणि हौस फिटल्यावर सोडून दिली होती. खरीखुरी स्पोर्ट्स कार. दोन दारं, छप्पर मागं सरकून गडप होणारं, रंग थेट बिरदेवाच्या भंडाऱ्याचा. नवी छोटी आणि जुनी देखणी, दोघींचा भाव जवळपास सारखाच निघाला. अर्जुनाची झोप उडाली ती तिथं.

अर्जुना गलाईवाला. विट्याच्या आसपासच्या वाड्यांतनं घरटी एक तरी माणूस मुलखाबाहेर सोनं-चांदी गाळायला गेलेला असतो. अर्जुनाचा बाप मेंढरं राखायचा. अर्जुना मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला जाऊन एका नातेवाइकाच्या भट्टीवर बसला. पुढं भट्टी त्याची स्वतःची झाली, पण बसणं काही सुटलं नाही. वर्षातनं एकदा, बिरदेवाच्या जत्रेला, तो घरी यायचा. अंगाला सोनं गाळायच्या तेजाबाचा वास यायचा. तो वास चार दिवस साबण लावल्यावर जायचा आणि वास गेला की माणूसही परत जायचा.

जत्रेला कोण कशातनं आलं, हे वाडीत बारकाईनं बघितलं जाई. लोक पालखीकडं तोंड करून उभे असत, पण कान फाट्याकडं. अर्जुना इतकी वर्षं एसटीनंच आला होता. कोइमतुरात गाड्यांच्या शर्यतीचं एक मैदान होतं. रविवारी भट्टी बंद असली की तो तिथं कुंपणाबाहेर जाऊन बसे. तिकीट काढून आत का जात नाही, असं मंगलनं एकदा विचारलं, तर म्हणाला, नुसता आवाज आयकला तरी भागतं. त्या दिवशी तिला नवऱ्याविषयी जे कळलं, ते त्याआधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. तिचंही तसंच होतं. फोनवर नुसता आवाज ऐकून भागवायचं.

गावात कौल हॅचबॅकच्या बाजूनं पडला. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला बरी, डिकीत दोन पोती मावतील, खड्ड्यात पोट घासणार नाही. दोन सीटांच्या गाडीत एकाला बसवलं की बाकीच्यांनी काय टपावर बसायचं? चुलत दीर बिरदेव तर म्हणाला, "दादा, ती गाडी हाय का पोराचा खुळखुळा?" अर्जुनाही हसला. हसल्यावर मात्र त्यानं गाडीचा विषय सोडून आईच्या तब्येतीचं विचारलं.

मंगलला हवी होती ती दोन सीटांचीच, पण ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. कारण सांगण्यासारखं नव्हतं. लग्नाला पंचवीसेक वर्षं होत आली होती आणि ती नवऱ्याच्या शेजारी गाडीत एकदाही बसली नव्हती. लग्नाची वरात टेंपोतनं आली तेव्हा नवरदेव पुढं केबिनमध्ये, आणि ती मागं बायकांत, रुखवताची भांडी धरून. नंतर अर्जुना यायचा तेव्हा कुणाची तरी जीप मागून आणून तो चालवी. शेजारची सीट सासऱ्यांची असे. सासरे गेल्यावर ती सासूची, रंगूबाईची झाली, कारण रंगूबाईला मागं बसलं की गाडी लागायची. यात कुणाचा जुलूम नव्हता. घरात जशी पाण्याची कळशी ठेवायची जागा ठरलेली असते, तशी मंगलची जागा मागं ठरलेली होती. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायांत पिशव्या, आणि समोर अर्जुनाची मान. नवऱ्याची मान तिला त्याच्या तोंडापेक्षा जास्त पाठ होती.

आणि ही एक गाडी अशी, की जिला मागची सीटच नव्हती.

प्रियदर्शनीनं आईला टर्बो समजावून सांगितला. इंजिनातनं जो गरम धूर फुकट बाहेर जातो ना, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवतात आणि जादा हवा परत इंजिनात कोंबतात, म्हणून लहान गाडीसुद्धा मोठीसारखी पळते. मंगलला हे फार पटलं. फुकट गेलेले सुस्कारे असे कुणी परत आत घालून दिले असते, तर ती एव्हाना चालत कोइमतूरला पोचली असती.

जत्रेला आठवडा होता तेव्हा अर्जुना आला आणि दुसऱ्या दिवशी बिरदेवची जीप घेऊन तिघं साताऱ्याला निघाले. तिसरी रंगूबाई. गाडीचा रंग भंडाऱ्याचा आहे म्हटल्यावर तिला ती बघायचीच होती. मंगलनं ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. सासूनं वरपासून खालपर्यंत बघितलं, पण विचारलं काही नाही. कराड मागं टाकून हायवेला लागेपर्यंत मंगल मागच्या सीटवरनं त्या मानेला मनातल्या मनात सांगत होती, जीपमदी न्हाई, पण त्या गाडीत आज एकदा तरी तुमच्या शेजारी.

गाडी विकणारा कृष्णात खानापूरकडचाच निघाला. ओळख निघाली, चहा झाला, आणि त्यानं किल्ली अर्जुनाच्या हातात दिली. म्हणाला, मी काय मधे बसत न्हाई, दोघं जावा आन एक चक्कर मारून या.

अर्जुना गाडीत उतरला. उतरलाच म्हणायचं, इतकी ती खाली होती. त्यानं इंजिन चालू केलं आणि तो आवाज ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मंगलला उगाच पदर सारखा करावासा वाटला. सवयीनं ती सरळ गाडीच्या मागं गेली. तिथं उभी राहून तिनं दाराची कडी शोधली. डाव्या अंगाला नव्हती म्हणून उजव्या अंगाला बघितली. कृष्णात हसू दाबत म्हणाला, "वैनी, हिकडं फुडं या. हिला म्हागं काय न्हाई." आणि त्यानं डावीकडचं दार उघडून धरलं.

आता सगळं सोपं होतं. दार उघडं, सीट रिकामी, सीटच्या पलीकडं अर्जुना, तिच्याकडं बघत असलेला. तीन पावलं टाकायची आणि बसायचं. पण रंगूबाई शेजारी काठी टेकून उभी होती, आणि मंगलचं तोंड, जे इतकी वर्षं प्रत्येक गाडीपुढं एकच वाक्य बोलत आलं होतं, ते तिला न विचारता बोलून गेलं.

"आत्या, तुमी बसा फुडं."

रंगूबाईलाही सवयच. ती बसली. कृष्णातनं दार लावलं. अर्जुनानं आरसा सारखा केला आणि गिअर टाकला.

भंडाऱ्याच्या रंगाची ती गाडी अजिंक्यताऱ्याच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज येत राहिला. मंगल जांभळ्या लुगड्यात उभी राहून तो ऐकत होती. कृष्णातनं खुर्ची दिली, ती बसली नाही. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं वाटत होतं, पण परक्या माणसासमोर तेही करता येईना.

गाडी परत आली तेव्हा रंगूबाईचा पदर खांद्यावर आणि पांढरे केस चारी दिशांना. तिला उतरता येईना. शेवटी एका बाजूनं कृष्णात आणि दुसऱ्या बाजूनं मंगल, अशांनी रहाटावरच्या घागरीसारखी तिला वर काढली. आवारातल्या उतारावर गाडीचं पोट खरवडलं होतं, तो ओरखडा अर्जुना वाकून बघत बसला होता. बराच वेळ बघितल्यावर उठला.

"लय खाली हाय. आपल्या रस्त्याला न्हाई टिकायची," तो म्हणाला. मग मंगलकडं वळून, "तुला काय वाटतं गं?"

हा दुसरा दरवाजा होता, तोही उघडा. मंगल म्हणाली, "तुमाला बरी वाटंल ती."

परत येताना जीपमध्ये तिच्या पायांत साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पिशवी होती आणि समोर मान. मान त्या दिवशी जरा वाकलेली वाटली.

सांगलीला नवी गाडी आणायला गेले तेव्हा जत्रा परवावर आली होती. जत्रा झाली की अर्जुना हीच गाडी घेऊन कोइमतूरला परत जाणार होता, तिथं दुकानाला लागतेच, म्हणत होता. शोरूमवाल्यांनी गाडीवरचं झाकण काढलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मंगलनं हळद-कुंकू वाहिलं, रंगूबाईनं कनवटीचा भंडारा काढून बॉनेटवर उधळला. चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ फोडून त्याची वाटी मंगलच्या हातात दिली आणि ती आपणहून मागच्या दाराकडं गेली. या गाडीला मागची दारं होती, शोधावी लागली नाहीत.

दार उघडलं तर आत रंगूबाई. काठी आडवी टाकून, तोंडात आवळासुपारी धरून, पाय वर घेऊन ती अख्खी सीट अडवून बसली होती.

"आत्या, म्हागं गाडी लागंल तुमाला."

"लागू दे. आडवी पडते."

"आवं पर..."

"मंगले," रंगूबाई म्हणाली. सुपारी गालात सरकवली आणि अर्जुना गाडीला वळसा घालून येतोय का ते आधी बघून घेतलं. "साताऱ्यात त्या पिवळीत त्यो माज्यासंगं एक शबूद बोलला न्हाई. दोनदा डाव्या अंगाला बघितलं त्यानं. दोन्ही बारीला मीच दिसले. पोराचं तोंड असं पडल्यालं मी त्याच्या बाच्या मातीलाबी बघितलं न्हवतं. जा, बस फुडं. दार लाव, वारं लागतंय."

मंगलनं दार लावलं. पुढं जाऊन बसली.

बसली खरी, पण हातांचं काय करावं ते कळेना. मागं बसलं की हात कधी रिकामे नसत. तिनं नारळाची वाटी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. गाडी हलली तशी टुणटुण वाजायला लागली. अर्जुना म्हणाला, पट्टा लाव. तिनं इकडं तिकडं बघितलं. मग त्यानंच गाडी बाजूला घेऊन थांबवली, तिच्यावरनं हात पलीकडं नेला, पट्टा ओढून आणला आणि तिच्या कुशीपाशी खट्कन लावला. शर्टाच्या बाहीला साबणाखालचा तेजाबाचा वास अजून होता. थोडाच राहिला होता.

तासगाव गेलं. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. समोरचा रस्ता इतका मोठा आणि इतका उघडा असतो हे मंगलला माहीत नव्हतं. मागनं बघितलं की रस्ता दोन डोक्यांच्या मधल्या फटीएवढा असतो. मान कुठं दिसत नव्हती. बाजूला बघितलं की नाक दिसे, कानशिलावरचे पिकलेले केस दिसत, आणि एकदा तोही नेमका तेव्हाच बघत होता, म्हणून दोघांनी चटकन पुढं बघितलं.

"टर्बो दावू?" अर्जुना म्हणाला.

"दावा."

त्यानं पाय दाबला. काही झालं नाही. मंगलनं त्याच्याकडं बघितलं.

"जरा दम धर," तो म्हणाला. "ही दाबल्या दाबल्या येत न्हाई. आदी वाट बगायला लावती."

आणि मग गाडीनं मागनं कुणीतरी ढकलल्यासारखी उचल खाल्ली, मंगलची पाठ सीटला चिकटली, आणि तिला हसू आलं ते आवरेना. पिवळीच्या आवाजाची सर हिला नव्हती, हे तिच्या कानांनाही कळलं. अर्जुनाला तर कळलंच असणार. तरी तो परत एकदा पाय दाबून कान देऊन ऐकत होता.

"रस्ता लय बदलला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "फाटा आला की सांग मला."

मागच्या साली रस्ता रुंद केला तेव्हा फाट्यावरची लिंबाची दोन झाडं गेली होती, एसटीची शेडही पाडली होती. विट्याकडनं येताना अर्जुनाला तो फाटा कसाबसा सापडला होता, तासगावच्या अंगानं मात्र रोज बघणाऱ्यालाच तो ओळखू यायचा. मंगलनं तो लांबनंच ओळखला. पानाची टपरी, जत्रेचा फ्लेक्स, आत वळणारा वाडीचा रस्ता. तिथनं आत गेलं की घर, घरापुढं माणसं, ओवाळणं, चहा, पाहुणे, परवाची जत्रा, आणि त्यानंतरची त्याच्या जाण्याची सकाळ. सांगायला तिचा हात उठला. नारळाच्या वाटीपासून वीतभर वर आला आणि परत खाली गेला.

फाटा डाव्या अंगानं निघून गेला.

मागं बांगड्या वाजल्या. रंगूबाई उठून बसली असावी, आणि तिनंही खिडकीतनं टपरी मागं जाताना बघितली असावी. मंगल मान न वळवता वाट बघत राहिली. मग सुपारी चघळल्याचा आवाज आला, काठी सरकल्याचा आला, आणि म्हातारी परत आडवी झाली.

पुढं विटा दिसायला लागलं तसा अर्जुना म्हणाला, "अजून लांब हाय काय गं फाटा?"

"हाय जरा," मंगल म्हणाली.