बुधाजींनी तोडलेलं पाणी

"पाणी तोडून टाक त्याचं," बुधाजींनी कुंपणाच्या भिंतीवरूनच निकाल दिला. "पाणी पिऊन राहिलं म्हणून पातळ हगून राहिलं. दोन दिवस थेंब देऊ नको."

"पण डॉक्टरसाहेब, जीभ कोरडी दिसून राहिली न त्याची." शेजारच्या मंजुषाच्या ओढणीत कुत्र्याचं दीड महिन्याचं तांबूस पिल्लू होतं.

"मंग एकतीस वर्षं मी काय दवाखान्यात गवत उपटलं?"

मंजुषानं पाण्याची वाटी उचलली.

दर्यापूरच्या त्या गल्लीत बुधाजींना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, मलमपट्टी करणारे. साहेब बदलून जात, बुधाजी राहत. बैल पाडणं, जखमा धुणं आणि लोकांना ताटकळत ठेवणं, तिन्ही कामं त्यांनी चोख केली. पहिल्यांदा कुणी डॉक्टर म्हणालं तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं होतं. नंतर वळणं सोडलं आणि खिशाला दोन पेनं लावली. कुत्री त्यांनी जन्मभर फक्त हाकलली. पाणी तोडायचं मात्र एका साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, पोट फुगलेल्या बैलासाठी.

दुसऱ्या दिवशी पिल्लानं शेपूट हलवली नाही. दुपारी मान उचलेना.

"चाला, तुमच्याच दवाखान्यात जाऊ," मंजुषा म्हणाली. बुधाजींना चप्पल सापडायला फार वेळ लागला.

नव्या डॉक्टर माधवी मॅडमनी पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही, तशीच उभी राहिली.

"खायला काय देता?"

"म्हशीचं दूध, मॅडम."

"त्यानंच बिघडलं असेल पोट. आणि पाणी?"

"काल सकाळपासून नाई."

"पाणी कुणी बंद केलं? जुलाबात अंगातलं पाणीच जातं, बाई. तेच तोडलं तर पिल्लू जगेल कसं?"

मंजुषानं बुधाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्याच केलं, मॅडम. मले समजलं नाई."

गप्प राहायचं काम बुधाजींच्या हातचं होतं. याच टेबलापाशी ते वर्षानुवर्षं तेवढंच करत आले होते. पण पिल्लाचा डोळा अर्धा उघडा होता आणि त्यांच्याकडेच होता.

"तिनं नाई. म्या सांगतलं."

"तुम्ही कोण?"

"डॉक्टरसाहेब हायेत आमचे," मंजुषा पटकन बोलली. पोरीला वाटलं, बाजू सावरली. बुधाजींचे कान तापले.

"कुठले डॉक्टर?"

"नाई मॅडम. ड्रेसर होतो. इथलाच."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "सलाईन लावते," त्या म्हणाल्या. "धरता येतं ना? धरा."

धरणं त्यांना खरंच येत होतं. तासभर ते वाकून उभे होते. कंबर धरली तरी हात हलला नाही.

पुढले तीन दिवस मऊ भात, आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं, थोडं थोडं. चौथ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून मंजुषा ओरडली, "डॉक्टरसाहेब! अहो, शेपूट हलवून राहिलं!"

आत भांडं वाजलं.

"डॉक्टरसाहेब?"

दार लोटलेलंच राहिलं. मंजुषानं पिल्लू उचलून भिंतीवर धरलं.

"बुधाजीकाका..."

"आलो."

ते बाहेर आले. खिशाला पेनं नव्हती. पिल्लाकडे बघायच्या आधी त्यांनी भिंतीवरून वाकून पाण्याची वाटी पाहिली.