चाकूत दोष नाही

“लॉक अडकतंय,” म्हणत मामाने चाकू स्टोअरच्या माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवला. उघडाच ठेवला, आणि तोही पात्याचे टोक माझ्याकडे करून.

“माणसाच्या अंगावर रोखून असा उघडा चाकू ठेवतात?”

“मिटत नाही म्हणूनच आणलाय ना.”

मी चाकू उचलला. आपल्या साध्या घडीच्या चाकूत पाते पूर्ण उघडले की मुठीतली एक पातळ पोलादी पट्टी त्याच्या टाचेमागे सरकते आणि पाते अडवून धरते. मिटवायचे असेल तर अंगठ्याने ती पट्टी बाजूला लोटायची. शाळकरी पोरालाही जमेल असे काम. मी ते मामाच्या नाकासमोर चार वेळा करून दाखवले.

“कुठे अडकतंय?”

“तुमच्या हातात नाही अडकत,” तो म्हणाला.

“म्हणजे चाकू माणूस बघून अडकतो?”

रांगेत मागे उभा असलेला ड्रायव्हर फिस्सकन हसला. मामाने चाकू उचलला आणि गेला. मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिले: चाकूत दोष नाही.

टेलिफोन खात्याच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये मी एकवीस वर्षे बसलो आहे. एवढ्या वर्षांत स्वतःच्या हाताने काही मोडलेला एकही माणूस माझ्यासमोर आलेला नाही. हातोडीचा दांडा आपोआप तुटतो. पक्कड आपोआप गटारात उडी मारते. पान्ह्याने खिळे ठोकणारे आणि पेचकसाने रंगाचे डबे उघडणारे हे लोक खिडकीशी आले की इतके गरीब चेहरे करतात की बघवत नाही. पाठीमागे ते मला ‘भिंत’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत. सगळ्यांना हो म्हणणारे स्टोअरकीपर मी पाहिले आहेत. त्यांच्या कपाटांत शेवटी झुरळेच उरतात.

खात्यातले सगळेच ज्याला मामा म्हणत तो हा माणूस जॉइंटर होता, म्हणजे केबलचे जोड करणारा. तुटलेल्या केबलमधून केसासारख्या शेकडो तारा बाहेर येतात. त्या रंगावरून ओळखायच्या, सोलायच्या आणि एकीला एक पिळून बांधायच्या. मामाचा जोड पुन्हा उघडावा लागत नाही, असे खात्यात सगळे कौतुकाने सांगत. आमच्या इंजिनिअरबाई, ज्या कुणाला धड नमस्कारही करत नाहीत, त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणत. हे कौतुक माझ्या डोक्यात जाई. लाल तारेला लाल तार बांधणे म्हणजे काही मेंदूचे ऑपरेशन नव्हे. फळीवर कुठले हत्यार पडले ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो, त्याचे कधी कुणी नाव काढले नाही.

त्यातून त्याच महिन्यात नव्या चाकूंची खोकी आली होती. नारिंगी मूठ, बटण दाबले की पाते मिटणार. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत होते आणि एकाएकी सगळ्यांचेच जुने चाकू आजारी पडू लागले होते. मामाचे दुखणेही त्यातलेच, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. “अजून अडकतंय.”

“जोर लावा की जरा.”

“लावला. शिडीवर एका हातानं मिटवावा लागतो साहेब. दुसऱ्या हातात केबल असते.”

मला शिडी शिकवतो! मी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि पात्याच्या टाचेवर शिसे घासले. पट्टी तिथे घट्ट धरत असली तर शिशाने सुटते. तेल घातले तर मात्र धूळ बसते आणि होते त्याहून वाईट होते. ही युक्ती आमच्या इमारतीत मला एकट्याला येते, म्हणून ती मी नेहमी सावकाश करतो, समोरच्याला दिसावी अशी. मामाने बघितलेही नाही. तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे चोळत उभा होता.

“झालं का समाधान?”

“बघतो,” तो म्हणाला. आभार वगैरे काही नाही.

संध्याकाळी घरी मी हा प्रकार रंगवून सांगितला. बायको शिलाई मशीनवर बसली होती. ती शेजारपाजारचे कपडे शिवते. मी तोंड पाडून मामाची हुबेहूब नक्कल केली, “अडकतंय, साहेब.” ती हसली नाही.

“त्यांचा हात बघितलात का?”

“हात कशाला बघू? मी स्टोअरकीपर आहे. मी चाकू बघतो.”

“मागे माझ्या हातून सारखी सुई पडायची, तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, सुयाच हलक्या आणल्यास म्हणून.”

“तुझं वेगळं गं.”

“हो, माझं वेगळंच असतं,” ती म्हणाली आणि तिने मशीन एवढ्या जोरात चालवले की पुढचे बोलणे खुंटले.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा सकाळची घाईची वेळ होती आणि खिडकीशी सात-आठ जण होते. मामाने चाकू ठेवला आणि खाली बघत म्हणाला, “बदलूनच द्या. नवा द्या, बटणाचा.”

आला मूळ मुद्द्यावर! मला इतका आनंद झाला की आवाज आपसूक चढला.

“मामा, चाकू झेपत नसेल तर चमचा देऊ का?”

सगळे खदाखदा हसले. मामा नुसता फळीकडे बघत राहिला. त्याने एक शब्द उलटून बोलायला हवा होता, मग मी तिथेच थांबलो असतो, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटे आहे. मी थांबलो नसतो.

मी कानस काढली, चाकू टेबलाच्या कडेला दाबून धरला आणि लॉकच्या पट्टीचे टोक घासायला लागलो. पात्याला धरून ठेवते ते हेच टोक. दोनदा कानस फिरवली की पट्टी सैल होते. तिसऱ्यांदा फिरवायची नसते, हे मला चांगले माहीत होते. लोक बघत होते म्हणून मी सात-आठदा फिरवली. आता पट्टी बोट लागताच सुटू लागली.

“घ्या. आता नुसती फुंकर मारली तरी मिटेल.”

त्याने चाकू डोळ्यांजवळ नेला. घासलेल्या जागेची नवी चकाकी त्याने बघितली, मग माझ्याकडे बघितले, आणि चाकू खिशात टाकून तो निघून गेला.

चौथ्या दिवशी चाकू मिटला. मामा शिडीवर होता, पाते केबलच्या जाड आवरणात रुतले होते. त्याने ते रेटले आणि पट्टी सुटली. खाली शिडी धरून उभा असलेला म्हातारा मदतनीस दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला हकिकत सांगत सुटला होता. माझ्या खिडकीशीही आला.

“माझ्या टकलावर थेंब पडला. म्हटलं, कुठला पाइप गळतोय. पुसलं तर लाल! वर बघतो तर मामा चाकू परत उघडून आपल्या कामाला लागलेला. मी ओरडलो, ‘अहो मामा, बोटं!’ तेव्हा कुठे त्यानं हाताकडे बघितलं. दोन बोटं हाडापर्यंत चिरलेली, आणि ह्या बाबाला पत्ता नाही!”

त्याची बोटे माझ्या मनातही आली नाहीत. मला ती कानस आठवली.

चौकशी इंजिनिअरबाईंच्या खोलीत झाली. टेबलावर कागदात गुंडाळलेला चाकू, या बाजूला मी, त्या बाजूला मामा, त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. मी आदल्या दिवसापासून उत्तरे घोकली होती: माल जुना, पोलाद मऊ, झीज फार. स्टोअरकीपरने हत्याराला कानस लावायची नसते, ते दुरुस्तीला पाठवायचे असते. मामा एक वाक्य बोलला असता तर माझी खुर्ची गेली असती, आणि त्याला नवा चाकू मिळून तो परत शिडीवर चढला असता. हे त्यालाही कळत होते, मलाही.

“तुम्ही तीनदा तक्रार केलीत, लॉक अडकतं म्हणून,” बाई म्हणाल्या. “मग ते सुटलं कसं? ह्या चाकूला कुणी काही केलं होतं का?”

“चाकूचं सोडा मॅडम,” मामा म्हणाला. “आधी मलाही वाटलं, लॉकच अडकतंय. मग शर्टाचं बटण अडकायला लागलं. मग घराची कडी. सगळ्या जगाची लॉकं एकदम कशी बिघडतील? हात गेलाय माझा. अंगठ्यात जोर नाही, आणि ह्या दोन बोटांना काही कळतच नाही. बायको मागे लागली होती, डॉक्टरला दाखवा म्हणून. मी म्हटलं, आधी नवा चाकू मिळतो का बघू.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “मामा, हे मी लिहून घेतलं तर तुम्हाला परत वर चढता येणार नाही. केबलला हात लावता येणार नाही.”

“माहितीये.”

“आणि चाकू?”

“हात चांगला असता तर लॉक सैल झालंय हे मला बोटांनीच कळलं असतं. लिहा तुम्ही.”

बाईंनी माझ्याकडे बघितले. एकवीस वर्षे मी त्या खिडकीतून लोकांना भित्रे आणि खोटारडे म्हणत आलो होतो. त्या खोलीत तसा माणूस एकच होता, आणि तो खुर्चीत ताठ बसून घोकलेली उत्तरे विसरण्याचा प्रयत्न करत होता. मला स्वतःची किळस आली. तरीही मी बोललो नाही.

दीड महिन्याने डॉक्टरांनी लेखी दिले की हात पूर्वीसारखा होणार नाही. मामाला तक्रारींचे फोन घ्यायच्या टेबलावर बसवले. त्याआधी हत्यारे जमा करायला तो खिडकीशी आला. बोटांच्या जखमा भरल्या होत्या. त्याने पिशवीतून पक्कड, कात्री, टॉर्च, पेचकस एकेक काढून फळीवर ओळीने मांडली. मी ती भराभरा आत ओढू लागलो.

“तपासून घ्या,” तो म्हणाला.

“तुमची काय तपासायची, मामा?”

“सगळ्यांची तपासता ना?”

मी तपासली. एकूण एक हत्यार पुसलेले, जिथे हवे तिथे तेल दिलेले. बोट ठेवायला जागा नव्हती. मग इकडेतिकडे बघून मी हळूच विचारले, “त्या दिवशी मॅडमना का नाही सांगितलंत?”

“काय?”

“कानशीचं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आलेला असता तर मला बरे वाटले असते. पण मी रोज खिडकीतून लोकांकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

“त्या महिन्यात माझे चार जॉइंट परत उघडावे लागले,” तो म्हणाला. “अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा. ते काय तुमच्या कानशीनं बिघडले? तुमचं नाव सांगून मी परत वर चढलो असतो आणि पाचवा बिघडवला असता. तुमच्यासाठी गप्प नाही बसलो मी. तुमचा विचारसुद्धा आला नाही डोक्यात.”

मी त्याचे कार्ड काढले. हत्यारे देताना माणसाची त्यावर सही घेतलेली असते. हत्यारे परत घेताना पुन्हा सही घ्यायची, दोन्ही ताडून बघायच्या आणि जुळते की नाही ते लिहायचे, असा नियम आहे. मामाची जुनी सही ठसठशीत होती, खाली एका दमात ओढलेली लांब सरळ रेघ. त्याने पेन उचलले. ते अंगठ्यातून निसटले. पुन्हा उचलले, पुन्हा निसटले. मग त्याने ते मुठीत आवळून धरले आणि लिहायला लागला. बराच वेळ लागला. मागे चार जण उभे होते, कुणी घाई केली नाही. कार्डावर उमटले ते नुसते ओरखडे होते, आणि रेघ मध्येच तुटून खाली घसरली होती.

“जुळते,” मी म्हणालो आणि तसे लिहायला पेन टेकवले.

मामाने हात पुढे करून कार्ड आपल्याकडे वळवले. वाकून त्याने दोन्ही सह्या नीट बघितल्या, आधी वरची, मग खालची.

“नाही जुळत,” तो म्हणाला. “तसं लिहा.”

मी तसे लिहिले. त्याने ते वाचून खात्री करून घेतली, रिकामी पिशवी काखेत मारली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.