पाणी घातलेला साबण

द्वारका चौकामागच्या त्या खासगी हॉस्पिटलात दहा दिवसांत तीन तान्ह्या बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला आणि त्यातलं एक बाळ गेलं. जंतू आला कुठून, हे शोधायचं काम सिस्टर अंजलीचं. संसर्ग रोखणारी नर्स म्हणून तिच्या नावाची पाटी होती. पाटीपलीकडे अधिकार काडीचाही नव्हता.

तिने बाळांचा अतिदक्षता कक्ष पालथा घातला. काचपेट्या, नळ, ट्रॉल्या, सगळ्यांचे हात, सगळीकडे कापसाची काडी फिरवून नमुने लॅबला दिले. निकाल आला तो थोबाडीत मारल्यासारखा. पेट्या स्वच्छ, नळ स्वच्छ. जंतू होते नर्सांच्या हातांवर, आणि सर्वांत जास्त अंजलीच्या, जी प्रत्येक बाळाआधी हात धुवायची. हात न धुता थेट बाळाच्या पोटावर बोटं टेकवणारे मोठे डॉक्टर मात्र निर्मळ निघाले. घ्या!

तेव्हा कुठे तिला बेसिनवरची साबणाची बाटली दिसली. तिचा नमुना दिला. दोन दिवसांनी लॅबचा फोन आला. तोच जंतू, बाटलीभर.

बाटली भरायच्या त्या सफाईच्या शकुबाई. एकलहऱ्याहून पहिल्या बसने यायच्या, कधी खाडा नाही.

"मावशी, साबणात पाणी घालता?"

"घालते की. कॅन महिन्याला एकच मिळतो. बाटली अर्धी झाली की पाणी, वरून थोडा साबण. रिकामी म्हणून कधी पडू देत नाय मी." शकुबाईंनी हे कौतुकाच्या अपेक्षेनं सांगितलं. "तुम्हीच म्हणाल्या व्हत्या ना, 'मावशी, जरा पुरवून वापरा'."

म्हणालीच होती. मॅनेजर धनराज यांनी कॅन कमी केले, तेव्हा भांडायचं सोडून तिने तो हुकूम गोड शब्दांत खाली पोचवला होता. पातळ साबणात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात, हे शकुबाईंना ठाऊक नव्हतं. अंजलीला ठाऊक होतं. तिने ते आता त्यांना सांगितलं.

शकुबाई खालीच बसल्या. "म्हंजी ते लेकरू..."

अंजलीने बेसिनवरची बाटली काढून घेतली.

दुपारी दोघींना धनराज यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. "पाणी घालायला कोणी सांगितलं?"

शकुबाईंनी एकदा अंजलीकडे पाहिलं. अंजलीने हातातल्या फाईलकडे नजर वळवली.

"कोणी नाय साहेब. माझंच डोकं."

अंजलीला सुटल्यासारखं वाटलं. आधी सुटका वाटली, लाज मागून आली, आणि तीही तोंड उघडण्याइतकी नव्हती. कॅन कोणी कमी केले, हे धनराज बोलले नाहीत आणि तिनेही काढलं नाही. 'सफाई कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' हे शब्द तिने त्यांच्या सांगण्यावरून अहवालात वळणदार अक्षरात लिहिले आणि खाली सही ठोकली. शकुबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्या बाहेर पिशवी घेऊन थांबल्या होत्या.

"तुम्हाला दोन पोरी हायेत सिस्टर. माझं काय, कुठंबी फरशी पुशीन. पण त्या लेकराच्या आईला साबणाचं सांगू नका." त्यांचा आवाज फाटला. "बाळाला घ्यायच्या आधी मीच तिला हात धुवायला लावायचे. लय घाईत असायची बिचारी. मी म्हणायचे, अजून एकदा धू बाय, लेकराला काय व्हायला नको."

अंजलीने फाईल छातीशी धरली आणि लिफ्टचं बटण दाबलं.